सैनिकाचे घर आणि परिचारिकेची पाठशाळा

(दाभोसा, तालुका जव्हार, येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या वैशाखात लेंडी नदीची धार कड्यावरून उतरताना सुतासारखी बारीक होते, आणि ज्या वैशाखात वीटभट्ट्यांवर पोटामागे गेलेली या पाड्यांतील माणसे पावसाच्या ओढीने घरी परतू लागतात, त्याच वैशाखातील या सायंकाळी शाळेच्या अंगणात आपण मला बोलावयास उभे केलेत, याबद्दल मी आपली ऋणी आहे. वसंत ऋतूत व्याख्याने करविण्याचा शिरस्ता न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली पुण्यात पाडला, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्यांच्याच पत्नी रमाबाई यांनी, वैधव्याचे दुःख उराशी असताना, १९०९ साली पुण्यात सेवासदनाचे काम हाती घेतले आणि तेथील स्त्रियांना परिचर्येच्या शिक्षणासाठी ससून रुग्णालयात धाडले, हे तितक्या सहज आठवले जात नाही. वसंत व्याख्यानमाला आणि परिचारिकेची पाठशाळा या दोहोंना एकाच घराचा आधार लाभला होता. म्हणून एका परिचारिकेने या मालेत उभे राहावे हे मला त्या घराच्या रीतीला धरूनच वाटते.

माझा विषय असा आहे: सैनिकाचा संसार सांभाळीत असताना, अर्ध्यावर सुटलेल्या परिचर्येच्या शिक्षणाकडे परत जाणारी स्त्री. हा विषय मी ग्रंथांतून उचललेला नाही. मी ते आयुष्य जगले आहे, आणि त्या आयुष्याची निम्म्याहून अधिक वर्षे याच तालुक्याच्या पायवाटांवर गेली आहेत.

रुग्णसेवेला आपल्या भाषेत शुश्रूषा असा एक जुना शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ मात्र ‘ऐकण्याची इच्छा’ असा आहे. गुरूपाशी बसून त्याचा शब्द कानांत साठवू पाहणारा शिष्य, तो शुश्रूषू. आणि ज्याचे ऐकावयाचे त्याची सेवाही करावयाची, या क्रमाने तो शब्द हळूहळू रुग्णाच्या खाटेपाशी येऊन थांबला. विद्यार्थिनी आणि परिचारिका या दोघींना भाषेने एकाच शब्दात बसविले आहे, याचा मला फार आधार वाटत आला आहे. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. त्यांपैकी परिचारकाच्या अंगी चार गुण असावेत, असे तो ग्रंथ म्हणतो: उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. या चार गुणांत अविवाहित असणे आलेले नाही, आणि मूलबाळ नसणेही आलेले नाही. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी, कारण पुढे जे मी सांगणार आहे त्याचा सारा भार तिच्यावर आहे.

आपल्या देशातील लष्करी परिचर्येचा आरंभ १८८८ सालच्या मार्च महिन्यात मुंबई बंदरात झाला. फौजेच्या इस्पितळांतील रुग्णसेवेची घडी बसविण्यासाठी दहा प्रशिक्षित इंग्रज परिचारिका त्या वेळी बोटीतून उतरल्या. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९१ मध्ये, मुंबईत शिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव या शास्त्राच्या इतिहासात पहिली भारतीय परिचारिका म्हणून नोंदले गेले. पुढे १९२६ साली लष्करी परिचर्या सेवेला कायम स्वरूप आले, आणि १९४३ च्या अध्यादेशाने त्या सेवेतील स्त्रियांना अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. हा सारा इतिहास गौरवाचा आहे, आणि तो सांगताना माझा ऊर भरून येतो. परंतु त्याच्या मुळाशी एक समजूत होती, जी कोणी मुद्दाम रुजविली नसली तरी खोलवर रुजली. पहिल्या आलेल्या स्त्रिया सातासमुद्रापलीकडे घर सोडून आलेल्या. आणि आपल्या समाजातून ज्या प्रथम पुढे झाल्या त्यांत ज्यांना घराने पाठ दाखविली होती अशा विधवा पुष्कळ. त्यामुळे परिचारिका म्हणजे घर नसलेली स्त्री, असे एक चित्र राज्यकर्त्यांच्या मनात आणि लोकांच्याही मनात ठसले. आणि चित्र एकदा ठसले की नियम त्याच्याच बेताने शिवले जातात.

त्या नियमांतला एक नमुना सांगते. लष्करी परिचर्या सेवेसाठी मुलींना चार वर्षांचे पदवीचे शिक्षण दिले जाते. त्या प्रवेशाच्या जाहिरातीत पात्रतेच्या रकान्यात अविवाहित, घटस्फोटित, कायद्याने विभक्त झालेली, किंवा पाठीमागे कोणाचा भार नसलेली विधवा, असे शब्द मी वर्षानुवर्षे वाचीत आले. या ‘भारा’साठी इंग्रजीत जो शब्द घातलेला असतो, तोच शब्द जमिनीच्या व्यवहारात आला की आपण त्याला बोजा म्हणतो. सोसायटीचे कर्ज काढले की सातबाऱ्यावर इतर हक्कांत बोजा चढतो, आणि तो उतरेपर्यंत जमीन घेणारा दहा वेळा विचार करतो, हे या अंगणातील प्रत्येक खातेदाराला ठाऊक आहे. विधवेचे मूल हे तिच्या सातबाऱ्यावरचा बोजा आहे, अशी ही नोंद आहे. जी स्त्री तान्ह्या जीवाची रात्र रात्र जागून काळजी घेत आली, तिची ती जागरणे गुणांच्या रकान्यात न मांडता कर्जाच्या रकान्यात मांडावयाची, हा हिशेब मला कधीही पटलेला नाही.

या हिशेबाविरुद्ध एक स्त्री न्यायालयात उभी राहिली, आणि तिचे नाव आपण आदराने घेतले पाहिजे. लेफ्टनंट सेलिना जॉन या लष्करी परिचर्या सेवेत होत्या. १९८८ साली त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याशीच विवाह केला, आणि विवाह केला या कारणास्तव त्यांना सेवेतून मुक्त करण्यात आले. कारण १९७७ च्या एका सैन्य-निर्देशात तशी तरतूद होती. ती तरतूद पुढे १९९५ मध्ये मागे घेतली गेली, तरी सेलिनाबाईंची नोकरी गेली ती गेलीच. सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २०२४ रोजी तो नियम स्त्रीच्या प्रतिष्ठेला बाधक ठरविला आणि त्यांना ६० लाख रुपये भरपाई देण्याचा हुकूम केला. छत्तीस वर्षे! ज्या फौजेतील पुरुषाने विवाह केला असता त्याला बिऱ्हाडासाठी खोल्या मिळतात, त्याच फौजेतील स्त्रीने विवाह केला म्हणून तिचा गणवेश उतरविला गेला. आणि एवढी उघड गोष्ट अन्यायाची आहे हे ठरावयास एका माणसाच्या कर्तृत्वाचा सारा काळ खर्ची पडला.

आता मी माझ्या घराकडे वळते. माझे माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यात. आमच्या त्या मुलखात आपशिंगे नावाचे एक गाव आहे, ज्याच्या नावाला लोक ‘मिलिटरी’ जोडल्याशिवाय बोलत नाहीत, कारण पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा मुलखात त्या काळी पोस्टमनची सायकल वेशीत दिसली की प्रत्येक उंबऱ्यात एक बाई येऊन उभी राही. मनिऑर्डर आली तर महिना निभावे, पत्र आले तर जीव भांड्यात पडे, आणि तार आली तर ती उघडण्यासाठी शेजारच्या मास्तरांना बोलवावे लागे. सहाय्यक परिचारिका-प्रसविकेचे शिक्षण मी पहिल्याच वर्षात, १९७० साली, लग्न ठरले म्हणून सोडले. पती पायदळात शिपाई होते. १९७१ च्या डिसेंबरात ते आघाडीवर होते, आणि पुढच्या वर्षी मुलगा झाला. १९७५ मध्ये मुलगी झाली. वर्षाकाठी दोन महिन्यांच्या वार्षिक रजेपुरता घरात पुरुष, आणि उरलेले दहा महिने सासूबाई, मी, दोन मुले, एक म्हैस आणि कोरडवाहू चार एकर, असा आमचा संसार होता.

१९७८ साली मी पुन्हा अर्ज केला. अर्ज घेणाऱ्या कारकुनांनी सांगितले की विवाहितेने पतीचे लेखी संमतिपत्र जोडले पाहिजे, आणि मुदत पंधरा दिवसांची आहे. पती त्या वेळी सरहद्दीवर होते. कोणत्या डोंगरात, कोणत्या नदीकाठी, हे मला ठाऊक नव्हते. फौजी माणसाच्या बायकोला नवऱ्याचा पत्ता म्हणून ५६ ए. पी. ओ. एवढेच ठाऊक असते. मी त्याच दिवशी अंतर्देशीय पत्र टाकले. उत्तर सतराव्या दिवशी आले. आत वहीचा एक कागद होता, त्यावर त्यांच्या वळणदार अक्षरात ‘माझी पत्नी शिकावयास जाते आहे, त्यास माझी हरकत नाही’ एवढी ओळ होती, आणि खाली त्यांनी कंपनी कमांडरांची सही आणि पलटणीचा गोल शिक्का घेतला होता. कारण शिक्क्यावाचून कागद कागद ठरत नाही, ही त्यांची शिकवण होती. मुदत टळून दोन दिवस झाले होते. अर्ज परत आला आणि माझे एक वर्ष गेले. मी तो कागद मुलांच्या जन्मदाखल्यांबरोबर ट्रंकेत ठेवला, आणि पुढच्या वर्षी तोच जोडून पुन्हा अर्ज केला. १९७९ च्या जूनमध्ये, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, अठरा महिन्यांच्या शिक्षणक्रमासाठी मी वसतिगृहात दाखल झाले. मुलगा सात वर्षांचा होता, मुलगी चार वर्षांची.

वसतिगृहात मुलांना मज्जाव होता. शनिवारी सायंकाळी शेवटच्या एस. टी.ने घरी यावे आणि रविवारी दिवेलागणीपूर्वी परत हजेरी लावावी, एवढीच सवलत. त्या रविवारांतला एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. सासूबाई पहाटे जात्यावर बसल्या होत्या, मी कंदील उशाशी घेऊन मनगटाची हाडे पाठ करीत होते, आणि मुलगा अंथरुणात लोळत पाढे म्हणावेत तशी ती नावे माझ्यामागून म्हणत होता. मी एकदा म्हटली, दोनदा म्हटली. तिसऱ्या वेळी जाते थांबले. सासूबाई म्हणाल्या, “मागच्या दोन खेपा आठ म्हणालीस. आता सातच झाली.” मी मोजून पाहिले, खरोखरच एक हाड सुटले होते. ज्या माउलीने आयुष्यात अक्षर गिरविले नव्हते, आणि ज्या नावांतील एकही तिच्या बोलीत उच्चारता आले नसते, तिने जात्याच्या घरघरीतून माझा शब्द न् शब्द ऐकला होता. शुश्रूषेचा मूळ अर्थ मला कोणत्याही गुरूने सांगण्यापूर्वी त्या पहाटे कळला. मी शिकत होते हे सर्वांना दिसत होते. परंतु माझे शिकणे ज्यावर उभे होते ते त्यांचे ऐकणे, आणि त्या अठरा महिन्यांत माझी दोन मुले ज्या हातांत होती ते त्यांचे हात, हे कोणत्याही दाखल्यावर, कोणत्याही प्रमाणपत्रावर लिहिलेले नाही.

याचे मोल मला द्यावे लागले, तेही लपवून ठेवणे बरे नाही. दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यात मुलीला गोवर आला. मी वसतिगृहात दुसऱ्यांच्या मुलांच्या अंगावरील पुरळ तपासावयास शिकत होते, आणि माझी मुलगी आजीच्या मांडीवर तापाने फणफणत होती. निरोप पोहोचून मी घरी गेले तेव्हा ताप उतरला होता. तिने माझ्याकडे पाहिले, आजीच्या पदराआड तोंड लपविले, आणि तिला विचारले, “आई, ही बाई कोण?” ती आई म्हणाली ते आजीला. सासूबाईंनी तिला रागे भरू नये म्हणून मी हात जोडले, कारण मुलीचे काही चुकले नव्हते. जो हात ताप उतरेपर्यंत कपाळावर होता त्याला तिने आई म्हटले, इतकेच. त्या वर्षी पती वार्षिक रजेवर आले ते दोन महिने त्यांनी स्वयंपाक केला, म्हैस पाहिली, मुलीची वेणी घातली. भावकीतील माणसे पारावर बसून बोलत. पती ते ऐकत आणि रजेचा एकेक दिवस घरात घालवीत.

१९८१ च्या आरंभी माझी नेमणूक या जव्हार तालुक्यात झाली, तेव्हा अनेकांनी मला ती बदलून घेण्याचा सल्ला दिला. जव्हार-मोखाड्याची नेमणूक ही शिक्षा समजण्याची एक वाईट रीत सरकारी दप्तरांत फार दिवस चालत आली आहे. परंतु ज्या घरातील पुरुष हुकूम आला की वळकटी बांधून हिमालयात निघतो, त्या घरात नेमणुकीचे ठिकाण निवडण्याचा संस्कारच नसतो. मी सासूबाई आणि मुले यांना घेऊन आले. येथे आल्यावर मला कळले की फौजेचे आणि या डोंगराचे नाते मी आणलेले नाही. जव्हार संस्थानचे अखेरचे अधिपती यशवंतराव मुकणे दुसऱ्या महायुद्धात हवाई दलात होते, आणि जव्हारच्या ज्या कुटीर रुग्णालयात मी रुग्ण घेऊन जात असे त्याच्यावर पतंगशाह हे याच राजघराण्याचे नाव आहे.

सैनिकाच्या घराने मला परिचारिका म्हणून काय दिले, हे एका रात्रीच्या हकीकतीने सांगते. आषाढ होता, ओढे दुथडी भरले होते, आणि एका पाड्यावरून दोन माणसे डोक्यावर इरली घेऊन मला न्यावयास आली. मी उठले आणि पिशवी पाठीवर टाकली. पती पिट्ठू भरीत तशी मी ती पिशवी रोज झोपण्यापूर्वी भरून ठेवीत असे: दोरा कोठे, कात्री कोठे, पाते कोठे, कापूस कोठे, हे काळोखात बोटांना कळावे, कारण काडेपेटी भिजल्यावर दिवा शोधीत बसणारा जवान निकामी ठरतो असे ते सांगत. ओढ्यात एकमेकांचे हात धरून आम्ही साखळी केली आणि पलीकडे गेलो. कारवीच्या कुडाच्या त्या घरात सुईण आधीपासून बसलेली होती. मी पुढे होताच ती मला म्हणाली, “बाई, आधी हात शेक. गार हात लावू नको तिला.” मी चुलीपाशी बसून हात शेकले. मग मी तिला सांगितले की नाळ कापावयाचे पाते उकळून घेतले पाहिजे. तिने काही न बोलता तपेले चुलीवर ठेवले. तिचे मी ऐकले आणि माझे तिने ऐकले. पहाटे मुलगी झाली. आई आणि मूल दोघेही सुखरूप. त्या पाड्यावर पुढे एकही बाळंतपण मला निरोप आल्यावाचून झाले नाही, याचे कारण माझे प्रमाणपत्र होते असे मी समजत नाही. मी हात शेकले हे होते.

मग १९९२-९३ हे साल आले. वावर-वांगणी ही आपल्या तालुक्यातील नावे, कुपोषणाने दगावलेल्या बालकांमुळे, साऱ्या देशाच्या वर्तमानपत्रांत छापून आली. त्या दिवसांत झोळीच्या काट्यावर मी जी मुले तोलली त्यांचे वजन माझ्या हातांना अजून आठवते. पुष्कळ बोलले गेले, पुष्कळ लिहिले गेले. मला मात्र एका प्रश्नाने घेरले होते. भात-नागलीची कापणी झाली की आई वीटभट्टीवर जाते. तिने मूल बरोबर न्यावे तर ते धुरात आणि उन्हात. मागे ठेवावे तर आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. अन्नाचा, पाण्याचा, रोजगाराचा प्रश्न होताच, आणि आहेच. परंतु त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न होता, की आई कामावर असताना मूल कोणी धरावे? आणि तेव्हा माझ्या ध्यानात आले की वीटभट्टीवरची ती आई आणि वसतिगृहातली मी, या दोघींपुढचा प्रश्न मुळात एकच होता. मला उत्तर मिळाले ते सासूबाईंच्या रूपाने. तिला मिळाले नाही.

या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या दोन थोर स्त्रियांनी याच जिल्ह्यात आपले आयुष्य वेचले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम आरंभले आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. मूल शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, या विचारातून त्यांनी अंगणवाडी उभी केली. आणि २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने अंगणवाडी हे नाव देशभर नेले. अनुताई स्वतः बालविधवा होत्या, आणि शिक्षणाचा सुटलेला धागा त्यांनी मोठेपणी हाती घेतला होता. ज्या जिल्ह्याने देशाला अंगणवाडी दिली, त्या जिल्ह्यात उभे राहून परिचारिकेच्या पाठशाळेला एक अंगणवाडी मागणे हे मला अवाजवी वाटत नाही.

माझ्या मागण्या तीन आहेत, आणि त्या मी नीट विचार करून मांडते.

पहिली मागणी पाळणाघराची. २०१७ च्या प्रसूतिलाभ-सुधारणा कायद्याने पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय करावी असे बंधन घातले. परंतु परिचर्येची विद्यार्थिनी कर्मचारी नसल्यामुळे या तरतुदीच्या बाहेर राहते. ज्या रुग्णालयात ती रात्रपाळी करून इतरांची मुले सांभाळते, त्याच रुग्णालयाच्या आवारात तिचे मूल निजण्यास एक खोली आणि एक दाई असावी, एवढीच ही मागणी आहे.

दुसरी मागणी वयाची. सामान्य परिचर्या व प्रसविका या तीन वर्षांच्या पदविकेला प्रवेशाची कमाल वयोमर्यादा ३५ वर्षांची आहे. आता सैनिकाच्या घराचे पंचांग पाहा. २०२२ पूर्वी भरती झालेला शिपाई विशीच्या आत फौजेत गेलेला असतो आणि पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून पस्तिशी-चाळिशीच्या सुमारास निवृत्तिवेतन घेऊन घरी येतो. तो आला की घरात प्रथमच दुसरा कर्ता माणूस येतो, आणि बायकोला शिकावयास मोकळीक मिळते. पण नेमके तेव्हाच तिच्यापुढे दार लागलेले असते. माजी सैनिक सरकारी नोकरीसाठी अर्ज करतो तेव्हा त्याच्या वयातून फौजेत काढलेली वर्षे वजा धरतात, आणि ते योग्यच आहे, कारण ती वर्षे त्याने देशाला दिली. मग ज्या स्त्रीने तीच वर्षे एकटीने घर राखून दिली, तिच्या वयातून ती वजा का होऊ नयेत? सवलतीचा मार्ग सरकारला अपरिचित नाही. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरात धारातीर्थी पडल्यानंतर त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांना वयाची सवलत मिळाली, आणि दोन मुलांची आई असलेल्या त्या २०१७ साली चेन्नईच्या लष्करी प्रबोधिनीतून अधिकारी होऊन बाहेर पडल्या. आपल्याच जिल्ह्यातील विरारच्या गौरी महाडिक, दिवंगत मेजर प्रसाद महाडिक यांच्या पत्नी, त्याच प्रबोधिनीतून २०२० साली लेफ्टनंट झाल्या. वीरपत्नीला जे दिले ते योग्य दिले; परंतु पती हयात असताना तिच्या अंगी जे कर्तृत्व असते त्यासाठी दार उघडण्यास त्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागू नये. येथील मुलींसाठी एक गोष्ट मी मुद्दाम सांगते: जी स्त्री आधी सहाय्यक परिचारिका झाली आहे तिला पुढील पदविकेसाठी ही वयाची अट नाही. म्हणून लहान पायरी लहान म्हणून टाळू नका. पुढचे दार तिच्यावरूनच उघडते.

तिसरी मागणी बदलीची. नवऱ्याची छावणी बदलली की मुलांना नव्या गावच्या शाळेत प्रवेश मिळतो. त्यासाठी केंद्रीय विद्यालये आहेत. परंतु आईचा शिक्षणक्रम मध्यावर असेल तर तिने काय करावे? एका पाठशाळेत काढलेले वर्ष दुसऱ्या राज्यातील पाठशाळेने मोजून घ्यावे, अशी सोय झाल्यावाचून सैनिकाची बायको एक तर शिक्षण सोडील किंवा संसार दोन गावांत विभागील. देश एक आहे हे आपण सैनिकाच्या बदलीने सिद्ध करतो. ते तिच्या वहीतही सिद्ध झाले पाहिजे.

या तिन्ही मागण्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. शिकावयास परतणारी आई ही एकटी परतत नाही. तिच्या मागे कोणीतरी तिचे मूल धरून उभे असते: कोठे सासू, कोठे आई, कोठे रजेवर आलेला नवरा, कोठे शेजारीण, आणि जेथे असे कोणी नसते तेथे ती परतत नाही, व तिच्या न परतण्याची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. आपण तिच्या धैर्याची स्तुती करतो, आणि ते धैर्य खरे असते. परंतु स्तुतीने मूल कडेवर राहत नाही. डोंगराळ आणि आदिवासी भागात तीन हजार वस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असे प्रमाण ठरलेले आहे. त्या उपकेंद्रात ओढा ओलांडून जाणारी, पाड्याची बोली जाणणारी, सुईणीचे ऐकून घेणारी परिचारिका हवी असेल तर ती बाहेरून किती काळ येत राहील? मी आले तशी एखादी येईल. परंतु या दाभोशाची सून, या पाड्याची लेक, दोन मुलांची आई असताना जव्हारला किंवा ठाण्याला जाऊन शिकून परत आली, तर तिला ओढ्याचा उतार कोणी दाखवावा लागणार नाही.

माझे पती १९८३ मध्ये निवृत्त होऊन याच तालुक्यात येऊन राहिले, आणि मी पाड्यावर गेले की चूल त्यांच्याकडे असे. सासूबाई येथेच वारल्या. अखेरच्या आजारात त्यांना बोलवत नव्हते. एका रात्री त्यांनी माझे मनगट धरले, आणि अंगठ्याने एकेक ठिकाणी दाबीत ओठ हलवू लागल्या. त्या काय मोजीत होत्या, हे कळावयास मला वेळ लागला नाही. त्या आठपर्यंत पोहोचल्या आणि मग त्यांनी हात सोडला.

सभा संपल्यावर आपण घरोघर जाल. ज्या घरात एखादी लेक किंवा सून अर्ध्यावर सुटलेले शिक्षण मनात धरून बसली असेल, त्या घराला माझे एवढेच मागणे आहे की, तिला जा म्हणण्यापूर्वी तिचे मूल कोण धरणार हे नाव घेऊन ठरवा. ते नाव ठरले की तिची एस. टी. चुकणार नाही.

आपण इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलेत. शुश्रूषा या शब्दाचा जो अर्थ मी आरंभी सांगितला, तो आपण या अंगणात आचरून दाखविलात.